फोड आलेल्या हातचा डबा

बहिणीच्या नातीने स्वतःच्या तोंडातली शंकरपाळी काढून माझ्या तोंडात कोंबली आणि ती मी गिळली. ओली, कोमट, अर्धी विरघळलेली शंकरपाळी. आजही आठवलं की चूळ भरावीशी वाटते.

माझं माहेर पेणजवळ, खारेपाटात. आई-वडील गेल्यापासून थोरली बहीण हेच माहेर, कारण तिला त्याच भागात दिलेली. मी राहते अष्टमीत. पूल ओलांडला की रोहा. नवऱ्याची कंपनी बंद झाली तेव्हा आम्ही डबे सुरू केले. रोह्याला लागून असलेल्या वरशाला खोल्या घेऊन राहणारे, कंपनीत कंत्राटावर असलेले, घरापासून लांब आलेले असे बावीस जण. रविवारी डब्याला सुट्टी असते. म्हणून त्या रविवारी एसटी पकडून बहिणीकडे गेले होते.

नात दीड-दोन वर्षांची. लाळ गळत होती आणि हनुवटीला लालसर पुरळ होतं. ओठाच्या कडेला दोन बारीक फोड. मी बहिणीला विचारलं, "ताई, हिला काय झालंय?"

"काय नाय गो, उष्णता हाय," ती म्हणाली. "दोन दिवस कणकण होती. आता उतरलाय ताप. जेवत नाय नीट, एवढंच."

तेवढ्यात पोर माझ्या मांडीवर येऊन बसली आणि तिने तो प्रकार केला. बहीण, तिची सून, शेजारची एक बाई, सगळ्या हसल्या. "बघ गो, मावशीआजीला भरवलंन!" सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. थुंकणार कुठे? गिळली. मग पाच मिनिटं थांबून मागच्या मोरीवर गेले आणि चुळा भरल्या. तीन भरल्या, चौथी भरली. मागे वळले तर बहीण कळशी घेऊन उभी.

"माझ्या नातीची घाण वाटते तुला?"

मी म्हटलं, "तसं नाही गं."

"तसंच हाय. लहानपणापासून तशीच हायस तू. आईच्या ताटात जेवली नायस कधी."

खरंच होतं ते. मला पहिल्यापासून किळस फार. कुणी प्यालेल्या पेल्यातून पाणी पिणं मला जमलेलं नाही. लग्नात पंगतीला शेजारचा माणूस बोटं चाटायला लागला की माझं जेवण संपायचं. घरात नवऱ्याचा टॉवेल वेगळ्या दोरीवर. त्याला याची सवय झाली होती आणि डबे सुरू केल्यावर तर तो हे कौतुकाने सांगत फिरायचा. "आमच्या घरी स्वच्छतेचा विषय नाय काढायचा. केस निघाला तर डबा फुकट." मी केसांना फडकं बांधून स्वयंपाक करायची, नखं दर रविवारी कापायची, भाजी तीन पाण्यांनी धुवायची. लोक त्यासाठीच आमच्याकडे यायचे. मला त्याचा तोरा होता, हे कबूल करते.

गुरुवारी ताप आला. अंग मोडून आल्यासारखं. मला वाटलं, डेंग्यू असेल. आमच्या गल्लीत दोघांना झाला होता. गोळी घेतली आणि कामाला लागले. शुक्रवारी सकाळी चहाचा पहिला घोट घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. चहा गरम होता म्हणून नाही. आतून, टाळूला, जिभेखाली, गालाला, कुणी काचपूड लावून ठेवल्यासारखं झालं होतं. आरशासमोर तोंड उघडून मोबाईलचा टॉर्च मारला. लाल कड आणि मधे राखाडी खड्डा, असे सात-आठ. जिभेवर पिवळट थर. आणि वास! माझ्याच तोंडाचा वास मला येत होता, शिळ्या भाताच्या पेजेसारखा आंबूस. मी आरशापासून दूर झाले.

त्या दिवशी बावीस डबे गेले. शनिवारीही गेले. शनिवारी कणीक मळताना तळहात चुरचुरायला लागले. पिठात मीठ असतं ना, ते झोंबत होतं. हात धुऊन उजेडात धरले तर तळव्यांवर लाल ठिपके, बोटांच्या कडांना लांबट, भाताच्या दाण्याएवढे फोड. आत गढूळ पाणी. चार पावलं चालले तर तळपायाखाली खडी पसरल्यासारखं लागलं. पाय वर करून बघितला. तिथेही तेच.

संध्याकाळी पूल ओलांडून रोह्याला डॉक्टरीणबाईंकडे गेले. आमच्या नेहमीच्या त्या नव्हेत. नेहमीच्या गावाला गेल्या होत्या. या नव्या, तरुण. त्यांनी हात बघितले, तोंड बघितलं, पाय बघितले आणि विचारलं, "घरात लहान मूल आहे?"

"नाही. बहिणीकडे आहे, पेणला."

"त्याला होतं का असं काही?"

मी सांगितलं. शंकरपाळीचं सोडून.

"हॅन्ड, फूट, माउथ म्हणतात याला," त्या म्हणाल्या. "लहान मुलांचा आजार. पण मोठ्यांना होत नाही असं नाही. आणि झाला की मुलांपेक्षा जास्त रडवतो. औषध असं खास नाही. तापाची गोळी, तोंडाला लावायला जेल, थंड आणि पातळ खायचं. आठ-दहा दिवसांत जाईल. पण तोवर दुसऱ्याला द्यायचा नाही. लाळेतून जातो, फोडातल्या पाण्यातून जातो, संडासला जाऊन आल्यावर हात नीट धुतले नाहीत तर त्यातूनही जातो."

संडासचं ऐकलं आणि मी पदराने ओठ पुसले. त्या शंकरपाळीवर काय काय असेल, ते डोळ्यासमोर आलं.

"स्वयंपाक कुणाचा करता? बाहेरचं काही काम?"

मी म्हटलं, "नाही. घरचाच. दोन माणसांचा."

का खोटं बोलले? लाज वाटली म्हणून. एवढंच कारण होतं. ती बाई माझ्या हाताकडे बघत होती, हातमोजा घातलेल्या बोटांच्या चिमटीत माझा हात धरून, आणि त्या हाताने बावीस माणसं जेवतात हे मला तिला सांगवेना.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. म्हटलं, आठ दिवस बंद ठेवू. तो खुर्चीत बसला होता, उठून उभा राहिला. "आठ दिवस? आठ दिवसांत माणसं दुसरा डबा लावतील. परत येतात काय कुणी? पुलापलीकडे दोन बायकांनी नवीन सुरू केलेत."

"पण डॉक्टर म्हणाल्या..."

"हातमोजे घाल. कंपनीत आम्ही अॅसिड हाताळायचो हातमोजे घालून. तुझं काय घेऊन बसलीस!"

रविवारी त्याने मेडिकलमधून पातळ, पांढऱ्या हातमोज्यांचं खोकं आणलं. त्या रात्री तो पुढच्या खोलीत झोपायला गेला. उशी उचलली आणि गेला. मलाही तेच बरं वाटलं. लाळ गिळता येत नव्हती. गिळली की कानापर्यंत कळ जायची. म्हणून उशाशी वाडगा ठेवला होता आणि त्यात सोडत होते. सकाळी तो वाडगा मोरीत ओतताना मी डोळे मिटून घेतले. माझ्या घरात असा वाडगा कुणी ठेवला असता तर मी त्या माणसाला घरात ठेवलं नसतं.

सोमवारी हातमोजे घालून स्वयंपाक केला. आत घाम सुटायचा, फोड त्या घामात भिजायचे. मोजा काढला की बोटं पांढरी, सुरकुतलेली, पाण्यात पडलेल्या वस्तूसारखी दिसायची. दर तासाला नवा जोड. नाकातोंडावर फडकं बांधलेलं. काकडी चिरली, कांदा चिरला, कोशिंबीर कालवली, डबे भरले. नवरा स्कूटरवर डबे घेऊन गेला आणि येऊन म्हणाला, "कुणी काय बोललं नाय. बघ!"

मंगळवारी सकाळी तीन किलोची कणीक मळून झाली. परात बाजूला सारली, मोजे काढायला हात वर केला तर उजव्या मधल्या बोटावर मोजाच नव्हता. टोकाचा तुकडा फाटून गेला होता. आणि त्या बोटाच्या पेरावरचा मोठा फोड, सकाळी मला दिसलेला, टच्च भरलेला, तो आता सपाट होता. वर नुसती सैल कातडी, तिच्याखाली ओलं गुलाबी मांस, आणि त्या मांसाला चिकटलेलं पीठ.

मी तशीच उभी राहिले. मग डाव्या हाताने कणीक उचकटायला लागले. मोज्याचा तुकडा पांढरा, कणीकही पांढरटच. चिमटे काढून काढून बघितलं, सापडला नाही. ओकारी आली तशी मोरीवर धावले. पोटात काही नव्हतंच, आंबट पाणी आलं आणि ते तोंडातल्या जखमांवरून गेलं. मी किंचाळले असणार, कारण नवरा धावत आत आला.

"काय झालं?"

मी बोट दाखवलं. परात दाखवली. म्हटलं, "टाकून द्या. सगळी टाकून द्या. आज डबा नाही म्हणून कळवा."

त्याने माझ्या बोटाकडे बघितलं आणि मान फिरवली. परातीकडे मात्र नीट बघितलं. "साडेआठ वाजलेत. आता कळवू? त्यांची शिफ्ट सुटेल, जेवायला बसतील, तेव्हा काय खातील?"

"काहीही खातील. हे नको."

"तव्यावर काय जगतं सांग मला? लालभडक तव्यावर?"

"अहो, माझ्या फोडातलं पाणी आहे त्यात!"

"हाय तर हाय. भाजलं की संपलं. तू बाजूला हो."

तो पाटावर बसला, परात ओढली आणि गोळे करायला लागला. त्याला चपात्या येतात. माझ्या आजारपणात त्याने कधीकधी केल्या होत्या. मी उंबऱ्यावर बसून बघत राहिले. त्याचे जाड अंगठे त्या कणकेत रुतत होते. लाटणं फिरत होतं. तव्यावर चपाती टाकली की फुगायची, आणि दर वेळी ती फुगली की मला माझ्या बोटावरचा फोड दिसायचा. ऐंशी-नव्वद चपात्या. मी उठून ती परात उलटी करू शकले असते. त्यात जड काही नव्हतं. मी नाही केली. मला ताप होता, अंगात बळ नव्हतं, हे सगळं खरं. पण उंबऱ्यापासून परात चार पावलांवर होती.

डबे गेले. त्याने जाताना एक चपाती माझ्यासाठी दुधात कुस्करून ठेवली होती. ती मी मागच्या दारी कुत्र्यापुढे टाकली. तेव्हाच माझी मला शिसारी आली. जे मी स्वतःच्या तोंडात घालत नव्हते, ते बावीस माणसांच्या तोंडात गेलं होतं.

बुधवारी पहाटे मी नवरा उठायच्या आत मोबाईल घेतला. बोलता येत नव्हतं, म्हणून डब्याच्या ग्रुपवर लिहिलं. एका बोटाने, अर्धा तास लागला. लिहिलं की मला हाताला, पायाला आणि तोंडात फोड आले आहेत. डॉक्टर म्हणतात लागण होते. शुक्रवारपासून मी या हातांनी तुमचा स्वयंपाक केला. सोमवार-मंगळवार हातमोजे होते. मंगळवारी मोजा फाटला, त्याचा तुकडा आणि फोडातलं पाणी कणकेत गेलं. माहीत असून त्या चपात्या पाठवल्या. डबा बंद आहे. कुणाला ताप आला, तोंड आलं, तर डॉक्टरकडे जा. माझी चूक झाली.

नवऱ्याचं नाव मी त्यात घेतलं नाही. ते मोठेपणा म्हणून नाही. त्याचं नाव लिहिलं असतं तर माझं थोडं कमी झालं असतं, आणि ते मला त्या वेळी घाणेरडं वाटलं.

मग निरोप यायला लागले. कुणी नुसते ओकणारे चेहरे पाठवले. कुणी लिहिलं, स्वच्छतेच्या गप्पा मारत होता ना. एकाने मला शिवी दिली, मग पुसून टाकली. पण मी वाचली होती. एकाने हाताचा फोटो मागितला. आणि एका फिटरने लिहिलं. ते नांदेडकडचे, पन्नाशीचे, सगळ्यांत जुने, मला नेहमी 'वहिनी' म्हणणारे.

"वहिनी, तुकडा मला निघाला होता. मला वाटलं कांद्याचं साल आहे. बाजूला काढून जेवलो."

ते वाचून मी मोबाईल पालथा ठेवला. दातांत काहीतरी रबरासारखं येतंय, बोटाने ते काढलं जातंय, ताटाच्या कडेला ठेवलं जातंय आणि पुढचा घास घेतला जातोय. दिवसभर मला हेच दिसत राहिलं.

नवऱ्याने ग्रुप वाचला तेव्हा तो ओरडला नाही. "धंदा बुडवलास," एवढंच म्हणाला आणि शर्ट घालून बाहेर गेला. त्यानंतर आठवडाभर आम्ही कामापुरतं बोललो. "गोळी घेतलीस?" "घेतली." "दूध उतू जातंय." "बघते." माझ्यासाठी तो पेज करायचा आणि दाराच्या आत ठेवायचा. मी ती गार करून गाळून, डोकं मागे टाकून घशात ओतायची. त्याने केलेलं खाताना मला परातीतले त्याचे अंगठे दिसायचे. पण भूक होती. खाल्लं.

फोड सुकले तसे तळवे सोलवटायला लागले. कागदासारखे पापुद्रे निघायचे. अंथरुणात, मोरीत, पायपुसण्यावर, सगळीकडे माझी कातडी. मी सारखी झाडत होते.

पुढच्या रविवारी ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की फिटरना ताप आहे आणि तोंड आलंय. मी तीन दिवस काहीच केलं नाही. बुधवारी, माझे फोड पूर्ण वाळले होते तेव्हा, हात साबणाने दोनदा धुऊन मऊ भाताची पेज केली, थंड केली आणि रिक्षाने वरशाला गेले.

तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत चौघे राहतात. फिटरची गादी त्यांनी बाहेर, संडासाशेजारच्या पॅसेजमध्ये टाकली होती. पाण्याची बाटली, एक ताट, एक बादली. खोलीचं दार आतून बंद. मी गेले तेव्हा एकाने दार किलकिलं केलं, मला बघितलं आणि पुन्हा लावून घेतलं.

ते भिंतीला टेकून बसले होते. दाढी वाढलेली, त्या दाढीत फोड, काही फुटून वर पिवळी खपली. हनुवटीवरून लाळेचा धागा. मला बघून बोलायला तोंड उघडलं आणि आतला तो लालभडक, राखाडी प्रकार दिसला. वासही आला, तोच आंबूस. आठ-दहा दिवसांपूर्वी माझं तोंड अस्संच होतं. मला वाटलं होतं की त्यांना बघून मला रडू येईल. तसं काही झालं नाही. मला किळस आली. इतकी, की मी नकळत दोन पावलं मागे सरले आणि पदर नाकाला लावला. मग लक्षात आलं तसा सोडला. पण त्यांनी बघितलं होतं.

"तिथेच थांबा वहिनी," ते कसेबसे म्हणाले. "जवळ येऊ नका."

"मला होऊन गेलाय," मी म्हटलं. "पेज आणलीय. थंड आहे. गिळता येईल."

त्यांनी डब्याकडे बघितलं. मग माझ्या हातांकडे. तळव्यांवरचे पापुद्रे अजून गेले नव्हते. मी हात मागे घेतले.

"तुम्हीच केली?"

"हो."

त्यांनी हनुवटीवरची लाळ मनगटाने पुसली. "ठेवा तिथं. घेतो नंतर."

मी डबा ठेवला. मला कळलं होतं की ते घेणार नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर मीही घेतली नसती. तरी विचारलं, "दवाखान्यात गेला होता?"

"गेलो होतो. आठ दिवस लागतील म्हणे." मग म्हणाले, "घरी सांगितलं नाही. बायकोला वाटेल, काहीतरी भलतंच लावून घेतलं. इथल्या पोरांना तसंच वाटतंय."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी बंद दारावर थापा मारल्या. कुणी उघडेना, तेव्हा बाहेरूनच मोठ्याने सांगितलं. हा लहान मुलांना होतो तो आजार आहे, माझ्यापासून यांना लागला असेल, यात भलतंसलतं काही नाही, यांना नुसतं पाणी आणि थंड दूध देत जा, हात धुवा. आत टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बारीक केला. म्हणजे ऐकलं असावं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याबरोबर डबा परत आला. घासून पुसून, कोरडा. तो कुणी आणून दिला ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. फिटर पंधरवड्याने बरे झाले, पण आमच्याकडे परत आले नाहीत. त्यांनी खोलीतच स्टोव्ह घेतला असं ऐकलं.

महिन्याने डबा पुन्हा सुरू केला. बावीसातले नऊ आले, नवे चार मिळाले. चपात्यांना एक बाई लावली. परातीला हात लावायची माझी इच्छाच मेली होती.

मग नखं जायला लागली. आधी मुळाशी आडवी खाच पडली, मग नख मुळापासून सुटून वर उचललं जाऊ लागलं. दुखत नव्हतं, आणि त्यामुळे जास्तच घाण वाटायचं. स्वतःच्या शरीराचा तुकडा नुसता लटकतोय आणि आपल्याला काही कळत नाही. पट्ट्या लावून काम करत होते. एकदा बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलायला बसले. नवराही समोर बसून सोलत होता. सालं एकीकडे, डाळिंब्या पातेल्यात. पातेल्यात हात घातला आणि एक साल निघालं, जरा कडक. उजेडात धरलं. साल नव्हतं. माझ्या अंगठ्याचं नख होतं, पट्टीतून निसटलेलं.

मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानेही बघितलं होतं. मी काही बोलायच्या आत त्याने पातेलं उचललं, मागे गेला आणि सगळे वाल आळूच्या वाफ्यात उपडे केले. परत येऊन पातेलं घासलं. राखेने, मग साबणाने, मग पुन्हा साबणाने.

"आज बटाटा करू," तो म्हणाला. "हातमोजे नकोत. तू सांग, मी करतो."

परातीबद्दल तो तेव्हा काही बोलला नाही आणि नंतरही कधी बोलला नाही. मी वाट बघितली. आता बघत नाही.

नखांसाठी त्याच तरुण डॉक्टरीणबाईंकडे गेले. "या आजारानंतर होतं असं काहींना," त्या म्हणाल्या. "नवी येतील. घाबरू नका." मी उठले, पुन्हा बसले आणि सांगितलं, "मॅडम, मी तुमच्याशी खोटं बोलले होते. मी डबे देते. बावीस माणसं होती."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "आमचा कंपाउंडर तुमच्या डब्याच्या ग्रुपवर होता."

मी हात पदराखाली घेतले. मी विचारलं, "एकाला झाला. फिटर आहेत. माझ्या चपातीतून झाला का?"

"भाजलेल्या चपातीतून येणं अवघड आहे. कच्चं काय दिलं होतं? कोशिंबीर?"

"रोज."

"मग त्यातून आला असेल. डब्याच्या झाकणाला हात लागला असेल. नाहीतर दुसरीकडूनच आला असेल. त्या आठवड्यात माझ्याकडे चार घरची मुलं होती. नक्की कुणीच सांगू शकणार नाही." त्यांनी कागद पुढे सरकवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "पण तुम्ही मला खरं सांगितलं असतं तर मी शनिवारीच बंद करायला लावलं असतं."

कंपाउंडरने बाहेर औषधं दिली. पुडी माझ्या हातात न देता काउंटरवर ठेवली. मी ती उचलली, पिशवीत टाकली आणि बाहेर आले. पुलावर वाऱ्याने केस तोंडावर येत होते. ते सारायला हात वर केला आणि बिननखाचा अंगठा दिसला, मऊ, गुलाबी, गोगलगाईसारखा. समोरून येणाऱ्या बाईने बघितला आणि चटकन नजर वळवली. मी हात खाली घेतला नाही. केस मागे सारले आणि घरी गेले. पहाटे साडेपाचला चपात्यांची बाई यायची होती.